वेगासला जाताय आणि बिअरही चांगली हवी? फुकटची, स्ट्रिपवरची, घरची की बाहेरची

"अरे, खेळताना फुकट आणून देतात ना, मग विकत कशाला प्यायची?" लास वेगासच्या विमानात चढताना मित्राने मला हे विचारलं होतं आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या सहलीत तीन दिवस आम्ही भरपूर बिअर प्यायलो. त्यातल्या एकीचीही चव मला आज आठवत नाही. स्वतःच्या गावात बारच्या टॅपवर (नळावर) नवीन काय लागलंय हे बघायला मुद्दाम वाट वाकडी करणारा माणूस मी, आणि तीन दिवस समोर येईल ती बाटली तोंडाला लावत होतो, याचं परतीच्या वाटेवर वाईट वाटलं.

त्यानंतर तीनदा गेलो, आणि दर वेळी बिअरची सोय थोडी आधीपासून ठरवून गेलो. ज्यांना पत्ते, स्लॉट किंवा पोकर खेळायचंय आणि ज्यांचा बिअरवरही मनापासून जीव आहे, त्यांना निर्णय घ्यायला सोपं जावं म्हणून हे लिहितोय. वेगासमध्ये बिअर मिळण्याचे चार रस्ते आहेत. खेळताना मिळणारी फुकटची बिअर, स्ट्रिपवरच्या (मोठमोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या) बारमधली बिअर, कॅसिनोच्या स्वतःच्या ब्रूअरीत बनलेली बिअर, आणि कॅसिनोच्या बाहेर पडून टॅपरूममध्ये (ब्रूअरीच्या स्वतःच्या बारमध्ये) जाऊन घेतलेली बिअर. माझा कल कुठे आहे ते आधीच सांगतो: मुक्काम डाउनटाउनला, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यवर्ती भागात, ठेवा, खेळ आणि बिअर यांच्या वेळा वेगळ्या ठेवा, आणि निदान एक संध्याकाळ फक्त बिअरला द्या.

फुकटची बिअर

नेवाडात कॅसिनोच्या फ्लोअरवर खेळणाऱ्याला पेय फुकट देण्याची पद्धत जुनी आहे. वेट्रेस येते, ऑर्डर घेते, बिअर आणून देते आणि तुम्ही एक-दोन डॉलर टीप ठेवता. या सोयीची किंमत मशीनमधून कशी वसूल होते, ते एकदा कागदावर मांडून बघा.

बारच्या काउंटरमध्ये बसवलेलं २५ सेंटचं व्हिडिओ पोकर घेऊ. पूर्ण पाच नाणी लावली की एक डाव १.२५ डॉलरचा. गप्पा मारत, आरामात खेळलं तरी तासाला ४०० डाव सहज होतात, म्हणजे तासाभरात ५०० डॉलर मशीनमधून फिरतात. आता 'जॅक्स ऑर बेटर' या प्रकाराचं पे-टेबल, म्हणजे पत्त्यांच्या कोणत्या हाताला किती पैसे याची यादी, बघा. एका नाण्यामागे फुल हाउसला ९ आणि फ्लशला ६ लिहिलेलं असेल, तर अचूक खेळणाऱ्याला सरासरी ९९.५४ टक्के परत मिळतात. तासाला सव्वादोन डॉलरच्या आसपास जातात. तेच आकडे ८ आणि ५ असतील तर परतावा ९७.३० टक्के, म्हणजे तासाला साडेतेरा डॉलर गेले. ६ आणि ५ असतील तर ९५ टक्के, म्हणजे तासाला २५ डॉलर. तासात दोन बिअर आल्या असं धरलं, तर एका बिअरला पहिल्या मशीनवर सव्वा डॉलरच्या आत, दुसऱ्यावर पावणेसात आणि तिसऱ्यावर साडेबारा डॉलर पडले. वर टीप वेगळी. खुर्ची तशीच, बाटलीही तीच, फरक फक्त काचेमागच्या दोन आकड्यांचा.

हे झालं अचूक खेळणाऱ्याचं गणित. दुसऱ्या बिअरनंतर कोणता पत्ता ठेवायचा नि कोणता टाकायचा यात चुका वाढतात, तेव्हा खरा खर्च यापेक्षा जास्तच. स्लॉटचं तर विचारूच नका. 'पेनी' म्हणवणाऱ्या मशीनवर एका फेरीला प्रत्यक्षात ७५ सेंट लागतात असं धरा, तासाला ५०० फेऱ्या, आणि कॅसिनोकडे राहणारा हिस्सा दहा टक्के. तासाला साडेसदतीस डॉलर झाले. दोन बिअर मिळाल्या तर एक बिअर पावणेएकोणीस डॉलरला. संबंध वेगासमध्ये इतकी महाग बिअर मी दुसरीकडे क्वचितच घेतली असेल.

आणि एवढं करून हातात येतं काय? बहुतेक ठिकाणी बड लाइट, कूर्स लाइट, कोरोना, हायनेकन यांपैकी काहीतरी. त्यात काही गैर नाही, पण आपण ज्याच्या शोधात आहोत ते हे नव्हे. स्ट्रिपवरच्या अनेक बारमध्ये आता मशीनच्या मागच्या बाजूला एक छोटा दिवा असतो. तुम्ही पुरेशा वेगाने, पुरेशा रकमेने खेळत असाल तरच तो दिवा बारटेंडरला फुकट ग्लास द्यायची परवानगी देतो. काही ठिकाणी मशीन कुपन छापून देतं. एका मोठ्या रिसॉर्टमध्ये मी अर्धा तास त्या दिव्याकडे बघत खेळलो होतो. पत्त्यांकडे लक्ष नाही, बिअरकडेही नाही, सगळं लक्ष त्या दिव्याकडे. बाटली आली तेव्हा शेजारच्या गृहस्थांची सिगारेट पेटलेली होती, आणि पहिला घोट घेताना नाकात धूरच गेला.

हा धुराचा मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. नेवाडाने २००६ मध्ये बंद जागेतल्या धूम्रपानावर निर्बंध आणले, पण कॅसिनोचे फ्लोअर त्यातून वगळले. शिवाय मोठ्या कॅसिनोंमध्ये हवेत सुगंधही सोडतात. हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, सगळी मजा वासात असते. संत्र्याची साल, पिकलेला आंबा, पाइनचा चीक हे जे काही आयपीएमध्ये (भरपूर हॉप्स घातलेल्या बिअरमध्ये) जाणवतं, त्याला नाक मोकळं लागतं. स्ट्रिपवर पार्क एमजीएम हा कॅसिनो २०२० पासून धूरमुक्त आहे. तिथल्या फ्लोअरवर बसून बिअर प्यायलात, तर फरक पहिल्याच घोटाला कळतो.

फुकटची बिअर अगदीच वर्ज्य असं मी म्हणणार नाही. चांगलं पे-टेबल सापडलं आणि खेळायचंच ठरलेलं असेल, तर सोबत एखादी हलकी लागर असू द्या. पण बिअर मिळावी म्हणून मशीनवर बसू नका.

स्ट्रिपवरचे बार

स्ट्रिपवर बिअरचे पर्याय दिसायला भरपूर आहेत. लिंक प्रोमनेडवरचं यार्ड हाउस, न्यूयॉर्क-न्यूयॉर्क कॅसिनोच्या बाजूला द पार्कमधलं बिअरहाउस, पॅरिस कॅसिनोच्या गच्चीवरचं बिअर पार्क ही सहज सापडणारी नावं. प्लॅनेट हॉलिवूडच्या मिरॅकल माइल शॉप्समध्ये सिन सिटी ब्रूइंग ही स्थानिक मंडळी बिअर देतात. चालून दमलात, उन्हाने जीव कासावीस झाला, तर यांतलं कुठलंही चालेल.

टॅप निवडताना मात्र एक गोष्ट माहीत हवी. हँडलवरचं नाव छोट्या ब्रूअरीचं वाटलं तरी मालक मोठी कंपनी असू शकते. ब्लू मून मोल्सन कूर्सची. गूज आयलंड २०११ मध्ये आणि एलिशियन २०१५ मध्ये एबी इनबेवने विकत घेतली. लागुनिटास २०१७ पासून पूर्णपणे हायनेकनची आहे. अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनच्या व्याख्येनुसार क्राफ्ट ब्रूअर म्हणजे वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन असलेला आणि स्वतः क्राफ्ट ब्रूअर नसलेल्या दारू कंपनीची मालकी २५ टक्क्यांपेक्षा कमी असलेला. त्यांचं उलट्या बाटलीचं चिन्ह २०१७ पासून कॅनवर दिसतं. मोठ्या कंपनीची म्हणून बिअर वाईट असं माझं म्हणणं नाही. पण इतक्या लांब येऊन कोणत्याही विमानतळावर मिळणारीच बिअर प्यायची का, हे ज्याने त्याने ठरवावं.

ताजेपणाचं दुखणं याहून मोठं. हॉप्सचा वास आठवड्यागणिक उडत जातो, आणि उष्णतेत आणखी लवकर. एका नावाजलेल्या रिसॉर्टच्या बारमध्ये मी आयपीए मागितली. बर्फाचा थर चढलेल्या ग्लासात ती आली, आणि पाच मिनिटं काहीच चव लागेना. ग्लास जरा कोमट झाल्यावर चव लागली ती भिजलेल्या पुठ्ठ्याची. जुनी, ऑक्सिजन लागलेली बिअर अशीच लागते. पंधरा डॉलरच्या आसपास बिल, त्यावर ८.३७५ टक्के विक्रीकर, आणि खाली 'सीएनएफ' नावाची आणखी एक ओळ. हा 'कन्सेशन अँड फ्रँचायझी फी'चा आकार स्ट्रिपवरची काही दुकानं आणि बार स्वतःहून लावतात. तो सरकारी कर नाही. ऑर्डर देण्याआधी मेनूच्या तळाशी बारीक अक्षरं वाचून घ्या.

स्ट्रिपवर मी आता दोनच गोष्टी करतो. बर्फ न लावलेला ग्लास मागतो, आणि आयपीएऐवजी पिल्सनर किंवा स्टाउटकडे वळतो, कारण त्यांची चव तेवढ्या लवकर उतरत नाही. हो, आणि स्विमिंग पूलवर हिरव्या किंवा पारदर्शक काचेची बाटली घेऊ नका, कॅन मागा. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की त्यातून स्कंकच्या वासाशी साधर्म्य असलेलं गंधकयुक्त संयुग तयार होतं. नेवाडाच्या उन्हात त्याला काही मिनिटं पुरतात.

घरची बिअर: ब्रूअरी असलेले कॅसिनो

माझ्या मते खेळणाऱ्या बिअरप्रेमीसाठी सगळ्यात सोयीचा रस्ता हाच, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यात कमी लोकांना हाच माहीत असतो. वेगासमध्ये कॅसिनो आणि छोटी ब्रूअरी यांचं नातं नव्वदच्या दशकातलं आहे. स्ट्रिप आणि सहारा अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर 'होली काउ' नावाचा छोटा कॅसिनो होता. शहरातला पहिला ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर बनवणारा बार, तिथे १९९३ मध्ये सुरू झाला. २००२ मध्ये ती जागा बंद झाली, पण त्याच मंडळींची बिग डॉग्ज ब्रूइंग कंपनी नॉर्थ रँचो ड्राइव्हवर चालू राहिली.

आज स्ट्रिपवर उतरणाऱ्यांनी पाहावा तो एलिस आयलंड. कोव्हल लेनवर, स्ट्रिपच्या मागच्या अंगाला, मधल्या हॉटेलांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. कुटुंबाच्या मालकीचा छोटा कॅसिनो आहे, आणि १९९८ पासून तिथे बिअर बनते. छत बुटकं, गर्दी भरपूर, धूरही आहेच. चकाचक काही नाही. पण इथे फ्लोअरवर खेळताना तुम्ही घरचीच बिअर मागू शकता, आणि विकत घेतली तरी दर स्ट्रिपच्या जवळपासही जात नाहीत. बिअर साध्या धाटणीच्या आहेत: लाइट लागर, अंबर, हेफेवाइझन, आयपीए, स्टाउट. जगावेगळं काही चाखायचंय म्हणून जाल तर हिरमोड होईल. ताजी, स्वच्छ, जिथे बनली तिथेच ओतलेली बिअर हवी असेल तर समाधान होईल.

इथे वेगासच्या पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, लेक मीडमधून येतं आणि ते चांगलंच जड असतं. स्टाउट-पोर्टरसारख्या काळ्या बिअरला जड पाणी एक वेळ चालतं, पण फिकट लागरमध्ये लपायला जागा नसते. पाण्यावर नीट प्रक्रिया केली नाही तर कडवटपणा जिभेवर खरखरीत लागतो. म्हणून नव्या ब्रूअरीत गेलो की मी पहिला ग्लास त्यांच्या सर्वांत फिकट बिअरचा घेतो. ती जमली असेल तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

डाउनटाउनला मेन स्ट्रीट स्टेशन आहे. हा कॅसिनो बॉइड गेमिंगने १९९६ मध्ये पुन्हा उघडला आणि त्याच्याच आत ट्रिपल ७ नावाचा ब्रूपब आहे. माझी सगळ्यात आवडती जागा ही. उंच छत, जुन्या दिव्यांचा पिवळा उजेड, काचेपलीकडे तांब्या-पितळेची चमक. पहिल्यांदा गेलो तेव्हा ब्लॅक चिप पोर्टर घेतली. काळी चिप म्हणजे १०० डॉलरची चिप, हे टेबलावर बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. तशीच त्यांची मार्कर पेल एल. मार्कर म्हणजे कॅसिनोकडून उधारीवर घेतलेली रक्कम. पोर्टर आली तेव्हा वर बोटभर बदामी फेस होता. ग्लास उजेडासमोर धरला तर कडेला गडद लालसर छटा दिसत होती. आधी भाजलेल्या माल्टचा वास, मग किंचित चॉकलेट, आणि शेवटी कोरडेपणा, पुढचा घोट घ्यावासा वाटेल एवढाच. मी पाऊण तास तो एकच ग्लास घेऊन बसलो होतो. सोबतचा मित्र टेबलावर जाऊन, थोडं हरून परत आला आणि म्हणाला, "तू अजून इथेच?" मग त्यानेही एक मागवली, आणि त्या रात्री आम्ही पुन्हा टेबलाकडे गेलो नाही.

(पुरुषांसाठी एक माहिती: इथल्या स्वच्छतागृहात बर्लिनच्या भिंतीचा एक खरा तुकडा लावलेला आहे. बघायला जा.)

दोन्हींत निवडायचं तर? मुक्काम स्ट्रिपवर आणि वेळ एकाच संध्याकाळचा असेल तर एलिस आयलंड. बिअर हे सहलीचं निम्मं कारण असेल तर मेन स्ट्रीट स्टेशन, आणि शक्य असेल तर मुक्कामही तिथेच किंवा जवळपास. त्याचं कारण पुढे येतंच.

बाहेरची बिअर

मेन स्ट्रीट स्टेशनमधून बाहेर पडा आणि मेन स्ट्रीट धरून दक्षिणेकडे चालायला लागा. मैलभर गेलं की आर्ट्स डिस्ट्रिक्ट सुरू होतो, आणि तिथे याच रस्त्यावर टॅपरूमची रांग आहे. गेल्या काही वर्षांत तिला 'ब्रूअरी रो' म्हणू लागलेत. नेवाडा ब्रू वर्क्स, बिअर डिस्ट्रिक्ट ब्रूइंग, एबल बेकर ही इथली नावं. एबल आणि बेकर ही १९५१ मध्ये नेवाडाच्या चाचणी क्षेत्रावर टाकलेल्या पहिल्या दोन अणुबॉम्बची सांकेतिक नावं होती. एबल बेकर ब्रूअरीच्या आयपीएचं नाव 'ॲटॉमिक डक'. या रस्त्यावर जागा उघडतात तशा बंदही होतात, म्हणून निघायच्या दिवशी फोन करून वेळ विचारून घ्या.

टॅपरूममध्ये तुम्हाला जे मिळतं ते कॅसिनोत कितीही पैसे टाकून मिळत नाही. धूर नाही, मशीनचा किणकिणाट नाही, आणि काउंटरमागच्या माणसाला बिअर कधी भरली हे माहीत असतं. चार छोट्या ग्लासांची फ्लाइट घ्या, फिकटपासून गडदकडे आणि कमी कडूपासून जास्त कडूकडे लावा, आणि प्रत्येकीला वेळ द्या. आयपीए सात ते दहा अंश सेल्सिअसला सगळ्यात चांगली उमलते, स्टाउट त्याहून थोडी कोमट. पहिल्यांदा तिथे बसलो तेव्हा शेजारच्या स्टुलावर एक गृहस्थ होते, कॅसिनोतून ड्यूटी संपवून आलेले ब्लॅकजॅकचे डीलर. आठ तास दुसऱ्यांना फुकटची बिअर पिताना पाहून ते स्वतः इथे येऊन विकतची पीत होते. "इथे घड्याळ आहे," असं त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं. कॅसिनोच्या फ्लोअरवर घड्याळ नसतं, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

उन्हाळ्यात मात्र चालायच्या भानगडीत पडू नका. जुलैत दुपारी पारा ४० च्या वर असतो. डाउनटाउन लूप ही मोफत बस फ्रीमाँट स्ट्रीट आणि आर्ट्स डिस्ट्रिक्ट दोन्हीकडे थांबते. स्ट्रिपवरून येणाऱ्यांना ड्यूस बस डाउनटाउनपर्यंत आणते. टॅक्सीने आलात तर येण्या-जाण्याचा खर्च बिअरच्या हिशेबात धरा. डाउनटाउनला मुक्काम करा असं मी म्हणतो ते म्हणूनच. इथून घरची आणि बाहेरची दोन्ही बिअर पायी गाठता येते, स्ट्रिपवरून दर वेळी प्रवास करावा लागतो.

वेळ असेल तर आणखी दोन ठिकाणं. टेनाया क्रीक ही १९९९ पासूनची ब्रूअरी बोनान्झा रोडवर आहे. गाडीने जावं लागतं, पण प्रशस्त जागा आहे. हॉप राइड आयपीए आणि बोनान्झा ब्राउन ही तिथली ओळखीची नावं, आणि मला ब्राउन जास्त आवडते. दुसरं ठिकाण ब्रूअरी नव्हे, बार आहे: फ्रीमाँट स्ट्रीटच्या पूर्वेकडचं ॲटॉमिक लिकर्स. शहराचा पहिल्या क्रमांकाचा टॅव्हर्न परवाना यांच्याकडे आहे, आणि पन्नाशीच्या दशकात लोक याच्या गच्चीवर बसून अणुचाचण्यांचे ढग बघायचे. इथली क्राफ्ट बिअरची यादी मी पाहिलेल्या स्ट्रिपवरच्या कुठल्याही बारपेक्षा सरस आहे.

पोकरवाल्यांना वेगासशेजारच्या हेंडरसनमधल्या बॅड बीट ब्रूइंगचं नाव ऐकूनच हसू येईल. हातात जिंकणारे पत्ते असताना शेवटच्या पत्त्यावर हरलेला डाव म्हणजे बॅड बीट. पण हेंडरसन लांब पडतं. दोन रात्रींच्या सहलीत मी जाणार नाही.

मग कोणी काय करावं

पहिल्यांदाच जात असाल, घरचे सोबत असतील आणि स्ट्रिपचा झगमगाट बघायचाच असेल, तर स्ट्रिपवरच रहा. बिअरसाठी एक संध्याकाळ एलिस आयलंडला द्या, आणि बाकी वेळ टॅपवर जी पिल्सनर असेल ती घ्या. ब्लॅकजॅक किंवा क्रॅप्स (फाशांचा खेळ) मन लावून खेळणारे असाल, तर टेबलावर पाणी किंवा कॉफी घ्या आणि बिअर उठल्यावर प्या. ब्लॅकजॅक (एक्का आणि दहाचा पत्ता) लागल्यावर ३ ला २ ऐवजी ६ ला ५ दराने पैसे देणारं टेबल कॅसिनोचा हिस्सा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढवतं, आणि रुलेटच्या चाकावर तीन शून्यं असतील तर तो ७.६९ टक्के होतो. हे फलक वाचायला डोकं ठिकाणावर लागतं. कॅसिनोत खेळणं आणि पिणं दोन्हींसाठी वयाची अट २१ आहे. तरुण दिसत असाल तर पासपोर्ट किंवा ओळखपत्र खिशात ठेवा, टॅपरूममध्येही विचारतात.

ज्यांचा वेगासचाच हट्ट नाही, त्यांनी नेवाडातल्याच रीनो शहराचा विचार जरूर करावा. तिथे डाउनटाउनचे कॅसिनो आणि फोर्थ स्ट्रीटवरच्या ब्रूअरी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शेजारच्या स्पार्क्समध्ये ग्रेट बेसिन १९९३ मध्ये सुरू झाली. तिची 'इकी' आयपीए नेवाडाच्या राज्य जीवाश्मावरून, इक्थिओसॉरवरून नाव घेते. २०१७ मध्ये सुरू झालेली रिव्हिजनही स्पार्क्सचीच, आणि धूसर, रसदार आयपीए आवडणाऱ्यांनी ती चुकवू नये. फक्त बिअरसाठी गुण द्यायचे झाले तर मी रीनोला वेगासच्या बरोबरीने देईन. मोठे शो आणि टेबलांची विविधता हवी असेल तर मात्र वेगासच.

माझा स्वतःचा आताचा क्रम असा आहे. सकाळी, फ्लोअर रिकामा असताना आणि टेबलांची किमान पैज कमी असताना, दोन-तीन तास खेळायचं. दुपारी झोप. संध्याकाळी पाचच्या सुमारास आर्ट्स डिस्ट्रिक्टमध्ये दोन ठिकाणी प्रत्येकी एक फ्लाइट, मग परत येऊन ट्रिपल ७ मध्ये एक पोर्टर. खेळाचे पैसे वेगळ्या पाकिटात असतात, आणि संध्याकाळी निघताना ते पाकीट खोलीतल्या तिजोरीत राहतं.

आणि परत येताना बॅगेत जागा ठेवा. टॅपरूममध्ये कॅन मिळतात, काही ठिकाणी टॅपवरची बिअर ३२ औंसांच्या मोठ्या कॅनमध्ये समोर भरून सील करून देतात. अमेरिकेत २४ टक्के किंवा त्याहून कमी अल्कोहोल असलेल्या पेयांना चेक-इन बॅगेत प्रमाणाची मर्यादा नाही, पण केबिन बॅगेत सुरक्षा तपासणीतून ती जाणार नाहीत. परदेशात जाणार असाल तर तिथल्या कस्टम्सची मर्यादा मात्र लागू होते. प्रत्येक कॅन मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा. समोर भरलेला मोठा कॅन घरी पोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपवा. बाकीचे सरळ फ्रिजमध्ये, आणि आयपीए सगळ्यात आधी उघडा.